डाव्या कौलाची पद्मिनी

तुझ्या मयताला इतकी माणसं आली, बस्त्याव, की माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू? चर्चच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर चिंचेखाली माणसं, रस्त्यापलीकडे माणसं, मासे विकणाऱ्या बायका पाट्या खाली ठेवून पदरानं डोळे पुसतायत. मी रडत होतो, आणि रडता रडता मनात म्हणत होतो, मी गेलो तर यातले किती येतील? तीस वर्षं मी या गावातल्या पोरांना गणित शिकवलं. तू पाव भाजलेस. आणि रडायला सगळे तुझ्याकडे.

त्यात आमची आरती. माझी एकुलती एक मुलगी, पुण्याहून आली ती घरी आलीच नाही. बॅग खांद्यावर तशीच घेऊन थेट तुझ्या अंगणात गेली आणि तुझ्या पद्मिनीच्या बॉनेटवर डोकं टेकून हमसून हमसून रडली. मी चार हातांवर उभा होतो. बाप जिवंत समोर उभा, आणि पोरगी पत्र्याच्या गळ्यात पडते.

शववाहिकेच्या मागून तुझीच गाडी न्यायची, असं तुझ्या रोझीनं ठरवलं. चालवायला आरती, मागे रोझी आणि तिच्या दोन बहिणी, पुढच्या सलग बाकड्यासारख्या सीटवर मी. दफनभूमीच्या चढावर दुसरा गिअर नेहमीसारखा सुटायला लागला. आरती समोर बघतच म्हणाली, "बाबा, गिअर धरा." माझा हात आधीच तिथे होता.

ज्यांना पद्मिनी माहीत नाही त्यांना हे काय कळणार? स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला कानासारखा बाहेर आलेला तो दांडा, चढ आला की दुसऱ्या गिअरमधून खटकन सुटणारा. चाळीस वर्षांत तू तो दुरुस्त केला नाहीस. तुझ्या शेजारी जो बसेल त्यानं चढावर गिअर धरायचा, हा तुझ्या गाडीचा कायदा. पाद्री बसले तर पाद्रींनी धरायचा, नवरी बसली तर नवरीनं. "गिअर धर मरे" हे ऐकलं नाही असा माणूस आपल्या वाडीत नसेल. आणि तू सगळ्यांना सांगायचास, "मास्तरासारखो गिअर कोणाक धरूक जमणा नाय." मी त्यावर तोंड वाकडं करायचो. आतून मात्र बरं वाटायचं. आता ते सांगायला हरकत नाही.

आता दुसरी गोष्ट सांगतो. ती सांगायला मला एवढी वर्षं हरकत होती.

तुला आठवतं, तेव्हा ती छोटी आठशे सीसीची गाडी नवीन निघाली होती. ऐंशीच्या दशकाची गोष्ट. आपल्याकडे तोवर गाडी म्हणजे डॉक्टरांची, नाहीतर आंब्याच्या व्यापाऱ्याची. आणि अचानक मास्तरानं आणि पाववाल्यानं गाडीचं बोलायला सुरुवात केली. फॉर्म भरायचा, आगाऊ रक्कम ठेवायची आणि नंबर लागेपर्यंत वाट बघायची. मी कोल्हापूरला गेलो तेव्हा दोन फॉर्म आणले, एक माझा, एक तुझा. तुझ्या बेकरीच्या फळीवर मैद्याच्या डब्याखाली ते आठ दिवस पडून होते. घ्यावी की न घ्यावी, दोघांचीही छाती होत नव्हती. मग मी म्हटलं, देवाला विचारतो. तेव्हा तू हसलास आणि म्हणालास, "माझ्या वतीन पण इचार. आमचो सायब कौल देणा नाय. तो गप बसान ऐकता."

मी गेलो. सोमवार होता. गुरव म्हणाला, "मोठ्यान सांगतस काय मनात धरतस?" मी म्हटलं, मनात धरतो. गाडीचा कौल चारचौघांत विचारायची मला लाज वाटली. त्यानं पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नको. पहिल्यांदा मी मला धरलं. बराच वेळ काही हलेना. मग डावीकडची पाकळी पडली. गुरव म्हणाला, "डावो. आनी काय?" मी म्हटलं, अजून एक. आणि मनात तुला धरलं. गुरवाचा हात मागे येतो न येतो तोच उजवीकडची पडली, पाणी सुकायच्या आत.

बस्त्याव, त्या दिवशी माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो अजून विसरलेलो नाही. वर्षानुवर्षं त्या देवाची पालखी माझ्या खांद्यावर. जत्रेत उभ्यानं रात्र काढणारा मी, शनिवारी तेल घालणारा मी. आणि देव उजवा देतो कुणाला? जो उंबऱ्यापर्यंतही आला नाही, तिकडे भट्टीसमोर बनियनवर उभा राहून शीळ घालतोय, त्याला! देवळापासून तुझ्या बेकरीपर्यंत पाच मिनिटांची वाट. त्या पाच मिनिटांत मी देवाचा निकाल फिरवला.

तू लांब फळीनं भट्टीतून पाव ओढत होतास. मागे न बघता विचारलंस, "काय दिल्यान?"

"माका उजवो," मी म्हटलं.

"आनी माका?"

"तुका डावो."

फळी जरा थांबली. मग तू पाव टोपलीत उतरवलेस, हात बनियनला पुसलेस आणि म्हणालास, "बरा. नको म्हणता तर नको. देवाक आपल्यापेक्षा लांबचा दिसता." आणि टोपलीतला सगळ्यात फुगलेला पाव माझ्या हातात ठेवलास. "खा. तुझी गाडी येतली ती माझीच समज." पाव इतका गरम होता की या हातातून त्या हातात फिरवत मी घरी गेलो. खाल्ला नाही.

तुझा कोरा फॉर्म तू बरणीचं तोंड बांधायला वापरलास. मी माझा भरला. भरणं भागच होतं, सगळ्यांना उजवा सांगून बसलो होतो.

माझा नंबर लागायला जवळजवळ तीन वर्षं गेली. आणि मी वाट बघत बसलेला असताना, एका रविवारी दुपारी, तू म्हापशाहून पद्मिनी घेऊन आलास. जुनी, पांढरी, एक दार काळं. कुणीतरी म्हातारा विकत होता, तू बोलता बोलता घेऊन टाकलीस. सगळी वाडी गोळा झाली. मी खिडकीतून बघितलं आणि बायकोला म्हटलं, "भंगार आणल्यान." सुमन म्हणाली, "पण केवढी ऐसपैस आसा!" आणि चप्पल घालून गेलीसुद्धा.

मग तू त्या गाडीचं जे केलंस ते या किनाऱ्यावरचाच माणूस करील. शेजारच्या रापणकाराकडे होडीला लावून उरलेला निळा रंग होता, तो तू ब्रशनं गाडीला लावलास. ब्रशचे फराटे अजून दिसतात. आणि तळाला वेंगुर्ल्याच्या कारखान्यातून आणलेलं काजूच्या टरफलांचं तेल, होडीच्या लाकडाला देतात ते. ते हाताला लागलं की कातडी सोलते हे तुला माहीत होतं, तरी गाडीखाली झोपून हातानं चोपडलंस. आठ दिवस दोन्ही हातांना फोड. पीठ रोझी मळत होती आणि तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. मी मुद्दाम बघायला आलो आणि म्हटलं, "गाडी काय दर्यात घालतलस?"

"वारो दर्याचोच मा?" तू गाडीखालून म्हणालास. "होडयेक लागता ता गाडयेक कित्याक नको?"

मी शाळेत जाऊन हा विनोद सगळ्यांना सांगितला. सगळे हसले. दोन वर्षांनी गाडीला गंजाचा ठिपकाही नाही हे बघून सगळ्यांना कळलं की तूच शहाणा होतास, आणि त्यातल्या कुणीही मला येऊन तसं सांगायचं सोडलं नाही.

त्याच वर्षी जत्रेच्या दिवशी सकाळी तू एक नारळ घेऊन आमच्या घरापुढच्या खळ्यात उभा राहिलास. सोललेला, शेंडी राखलेला, तुझ्या विहिरीजवळच्या माडाचा. म्हणालास, "ह्यो देवाक घाल. तेणा डावो दिल्यान म्हणान मी आठशेचो नाद सोडलंय, आनी म्हणान माका ही गावली. डाव्या कौलाचो नारळ म्हणान सांग."

देवाचे आभार मानतोस? त्यानं न दिलेल्या डाव्याचे? मी नारळ घेतला. देवळात गेलो आणि गुरवापुढे ठेवून म्हटलं, "बस्त्यावचो." कसला, ते सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षी तू पुन्हा आलास. तिसऱ्या वर्षी पुन्हा. एक जत्रा चुकवली नाहीस. दरवर्षी ती तुझी हसरी मूर्ती आमच्या खळ्यात, दरवर्षी माझ्या हातात तो नारळ, आणि दरवर्षी मी जळत जळत देवळात जायचो. खाई त्याला खवखवे म्हणतात. मी एकदा खाल्लं आणि तू मला दरवर्षी खवखवायला लावलंस.

शेवटी माझी आठशे आली. लाल. पहिला नारळ तू फोडलास, आठवतं? माझ्या मनात तुला बोलवायचंही नव्हतं. पण तू बेकरी बंद करून आलास, पाव-बटरची अख्खी टोपली वाटलीस, गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्यास आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणालास, "काय सुंदर आसा रे!" तुझ्या चेहऱ्यावर हेवा शोधून शोधून माझे डोळे दुखले. तिळभर सापडला नाही. त्याचाच मला सगळ्यात जास्त हेवा वाटला. आपण एवढं पाप करून मिळवलेली गोष्ट, आणि समोरच्याला तिचं काहीच वाटू नये!

मी ती जपली. सीटवरचं प्लॅस्टिक काढलं नाही. पायाखाली वर्तमानपत्र. आत बसायच्या आधी सगळ्यांनी पायांची वाळू झटकायची, दार हळू लावायचं. खोपीत उभी करून वर रेक्झिनचं जाड कव्हर, चारी कोपऱ्यांना सुतळी. आठवड्यातून एकदा कव्हर काढायचो, पुसायचो, परत घालायचो. सुमनला प्लॅस्टिकवर घाम यायचा, ती म्हणायची, "ह्या गाडीत बसण्यापेक्षा एसटी बरी." तीच सुमन तुझ्या गाडीत मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसायची, शेंगा खायची, साली खिडकीतून फेकायची आणि गाणी म्हणायची. माझ्या गाडीत तिनं कधी गाणं म्हटलं नाही.

तुझ्या गाडीला पावाचा वास यायचा. खुर्च्यांच्या शिवणीत पावाचा चुरा, डिकीत पाट्या. चुऱ्यासाठी उंदीर येतील म्हणून मी तुला बजावलं. तू म्हणालास, "येवंदेत. तेंका खंय जावचा आसात तर सोडूया." वर आणि सगळ्यांना हाक, "सरका मरे, एक जागा आसा!" सहा माणसं बसलेली असली तरी तुझ्याकडे एक जागा असायचीच. किती नवऱ्या तू सासरी सोडल्यास, किती चाकरमानी कुडाळ स्टेशनावरून आणलेस. आणि चतुर्थीला आमच्या घरचा गणपती? तोसुद्धा मूर्तिकाराच्या शाळेतून तुझ्याच गाडीतून यायचा, कारण माझ्या आठशेच्या दारातून त्याचा मुकुट आत जात नव्हता. आदल्या दिवशी रोझी गाडी धुवायची, आणि तुमच्या घरी त्या दिवशी मासे शिजत नसत. तू हळू चालवायचास, मी मूर्ती मांडीवर घेऊन पुढे. चढ आला की तू कुजबुजायचास, "मास्तर, गिअर." एका हातात गणपती आणि एका हातात तुझा गिअर. देवसुद्धा तुझ्याच गाडीत बसतो, हा विचार मी दर वर्षी त्या चढावर करायचो.

आपलं भांडण त्यावरूनच असायचं. तुझं म्हणणं, "गाडी बसाक आसता काय बघूक?" माझं म्हणणं, वस्तू टिकवावी लागते. आपण ते कधी मिटवलं नाही. बेकरीच्या बाकावर बसून वर्षानुवर्षं तेच. तू हरत नव्हतास आणि मी हरल्याचं कबूल करत नव्हतो.

आणि मग ती दुपार आली. सुमनला दिवस भरायला तीन आठवडे बाकी होते. मी जेवून नुकताच आडवा झालो होतो, ती आतून ओरडली. मी खोपीत धावलो. सुतळीच्या गाठी सुटेनात, दातांनी तोडल्या. कव्हर काढलं आणि, बस्त्याव, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायको आत कळा देत असताना मी ते कव्हर कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घालत होतो. सवय! घडी झाली, मग चावी फिरवली. टक. परत टक. बॅटरी मेलेली. फिरवलीच नव्हती तर राहील कशी? ढकलून बघितली, जरा घरघरली आणि थांबली.

तोवर तुला कुणी सांगितलं देव जाणे. तू हॉर्न वाजवत अंगणात घुसलास, पावाच्या पाट्या आमच्या तुळशीपाशी उतरवल्यास, रोझीला मागे बसवलंस, सुमनचं डोकं तिच्या मांडीवर. मी पुढे. दवाखान्याच्या वाटेवर, कट्टा गावाच्या पुढच्या चढावर मी दोन्ही हातांनी गिअर धरला होता आणि मागून सुमन माझ्या नावानं नाही, तुझ्या नावानं ओरडत होती, "बस्त्याव, थांब, थांब!" तू काजीच्या झाडाखाली गाडी लावलीस. रोझी म्हणाली, "दोगव पुरुष भायर जावा." आपण दोघं रस्त्याच्या कडेला पाठ करून उभे राहिलो. तू खिशातून जपमाळ काढलीस, मी काहीतरी पुटपुटत होतो. समोरून एक म्हैस जात होती, तिला तू म्हणालास, "हळू चल गो बाय." मग रडण्याचा आवाज आला. रोझीनं पोरीला पाव झाकायच्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळलं होतं. अंगाला मैदा लागलेला. दार उघडून रोझीनं ती पहिल्यांदा तुझ्या हातात दिली, कारण तू दाराच्या बाजूला होतास. एवढंच कारण होतं. पण तुझ्या हातात पहिल्यांदा.

आम्ही तिचं नाव आरती ठेवलं. वाडीनं तिला पद्मिन म्हटलं. चालायला लागली तशी ती तुझ्या गाडीकडे बोट दाखवून "माझी गाडी" म्हणायची. माझी लाल आठशे पलीकडेच कव्हरखाली असायची. अठराव्या वर्षी तिला गाडी मी शिकवणार होतो. महिना ठरवला होता. तेवढ्यात एका रविवारी ती पद्मिनी चालवत अंगणात आली, शेजारी तू, गिअर धरून. मी तुझ्याशी पंधरा दिवस बोललो नाही. तुम्हाला मूल नव्हतं. मूल नसलेल्या माणसाचा मी माझ्या मुलीवरून हेवा केला, बस्त्याव. हेही लिहून ठेवतो.

आठशेचं पुढे काय झालं ते तू बघितलंसच. खाऱ्या हवेत लोखंड झाकून ठेवलं की आत दमट राहतं आणि ते आतल्या आत खातं. तुझी उघड्यावर उभी असलेली, होडीचा रंग ल्यालेली पद्मिनी ठणठणीत. माझ्या गाडीचा रंग वरून आरशासारखा, आणि एक दिवस ब्रेक दाबायला टाच टेकली ती पत्र्यातून खाली रस्त्यावर! शेजारी मुख्याध्यापक बसलेले. भंगारवाल्यानं उचलायला हात लावला तर दार हातात आलं. तू आलास, माझ्याशेजारी उभा राहिलास. मी वाट बघत होतो, आता म्हणेल, मी सांगत होतो. तू म्हणालास, "गाडी बरी होती रे. तू तिका फिरवलंस नाय, इतक्याच." मला वाटलं, यापेक्षा थोबाडीत मार.

त्या दिवशी टेम्पो गेल्यावर मी खोपीत नुसता बसलो होतो आणि मला प्रथमच ते लख्ख दिसलं. देवानं मला डावा दिला होता तो आठशेला. मी खरं सांगितलं असतं, तर आठशे तुझी झाली असती. आणि मी, आठशे नको म्हणून, कधीतरी म्हापशाला जाऊन कुणा म्हाताऱ्याची पद्मिनी आणली असती. सुमननं माझ्या गाडीत शेंगा खाल्ल्या असत्या. गणपती माझ्या गाडीतून आला असता. आरती माझ्या गाडीत जन्मली असती. देव मला द्यायलाच बसला होता, मीच ते उचलून तुझ्या घरात नेऊन टाकलं आणि मग वर्षानुवर्षं तुझ्या कुंपणावरून बघत बसलो. दैव देतं आणि कर्म नेतं, ती म्हण माझ्यासाठीच केली असावी.

कौलाचं न सांगता मी एकदा सुमनला म्हटलं, पद्मिनी आपली असती तर? ती म्हणाली, "तुमची असती तर तुम्ही तिलासुद्धा कव्हर घातलं असतंत." खरं आहे. पण तेवढं मला मान्य करायचं नाही.

सांगायचा प्रयत्न केला मी तुला. एकदा सावंतवाडीहून येताना चढावर सुरुवात केली, "बस्त्याव, तो कौल..." आणि तू म्हणालास, "गिअर धर मरे, सुटता." मी धरला. चढ संपला तोवर माझं धैर्यही संपलं. आणि शेवटच्या आठवड्यात, तू खाटेवर, आवाज खोल गेलेला. मी एकटाच होतो. मी तोंड उघडलं आणि तूच आधी बोललास. "मास्तर, ह्या वर्साचो नारळ काढून ठेवलंय. रोझीक म्हायत आसा. मी नसलंय तरी तू घाल." मी म्हटलं, "होय." एवढंच. खरं सांगायला देवानं यापेक्षा चांगली जागा दिली नसती, आणि मी होय म्हणून गप्प बसलो.

आज जत्रा होती. सकाळी रोझीनं नारळ आणून दिला. सोललेला, शेंडी राखलेला. म्हणाली, "तेचो डाव्या कौलाचो नारळ. गेलो तरी चुकवल्यान नाय."

देवळात गेलो. जुन्या गुरवाचा मुलगा आता तिथे असतो. मी म्हटलं, या नारळाचं गाऱ्हाणं मी घालतो. त्याला वाटलं म्हाताऱ्या मास्तरांचा हट्ट, म्हणाला घाला. आठ-दहा माणसं मागे उभी होती. मी हात जोडले आणि मोठ्यानं सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात.

"तुझो बस्त्याव पाववालो गेलो, तेचो ह्यो नारळ मान्य कर."

"व्हय म्हाराजा!"

"तो म्हणा होतो, ह्यो डाव्या कौलाचो. पण तेका तू डावो दिलंस नाय. तेका तू उजवो दिलंस."

"व्हय म्हाराजा!" सवयीनं. गुरवानं मात्र मान वर केली.

"डावो माका दिलंस. मी तेका खोटा सांगितलंय."

"व्हय..." मागचा आवाज अर्ध्यावरच राहिला. एक म्हातारी तेवढी पुढे म्हणाली, "...म्हाराजा."

गुरवानं नारळ फोडला, आणि अर्धी वाटी माझ्या हातात परत दिली.

तीच पाच मिनिटांची वाट, बस्त्याव. या वेळी काही फिरवलं नाही. तुझ्या अंगणात पद्मिनी उभी होती, बेकरीच्या दारात रोझी बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. मनात धरलेला पहिला कौल, दुसरा कौल, गरम पाव, सगळं. वाटलं होतं उठून आत जाईल, दार लावेल. तिनं विळी ओढली, माझ्या हातातली वाटी घेतली, खोबऱ्याचा एक तुकडा कापून माझ्या तळहातावर ठेवला.

"मगे डावो तुमचो, तर ते सगळे नारळ तुमचेच लागले, मास्तरानू," ती म्हणाली.

चाळीस वर्षं तुझं काहीतरी माझं व्हावं म्हणून जळलो. झालं ते आज. तुझ्या माडाचे, तुझ्या हातानं सोललेले, एकही जत्रा न चुकवता दिलेले सगळे नारळ आता माझे.

मला नको आहेत ते. ये, आणि तुझे तू घेऊन जा.